काटा थरथरत होता

अण्णांच्या हातातून गाडीची किल्ली मी काढून घेतली तो रविवार होता. वार पक्का लक्षात राहिला, कारण रविवारीच ते मंगळवेढ्याला जायचे, आणि त्या सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, जायच्या तयारीनंच ते माझ्याकडं आले होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. निम्मी नोकरी खांबावर आणि निम्मी खड्ड्यात गेली, असं ते सांगतात. निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी एक जुनी गाडी घेतली. छोटी, पेट्रोलवरची, सायीच्या रंगाची. आमच्या घरातली ती पहिली चारचाकी. तिचं वेगाचं मीटर जुन्या पद्धतीचं, गोल तबकडीचं आणि लाल काट्याचं. आई गेल्यापासून अण्णा सोलापुरातल्या आमच्या जुन्या घरात एकटेच राहतात. मी दोन गल्ल्या सोडून पलीकडं. ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. धाकटा भाऊ पुण्याला असतो आणि फोनवर असतो.

दर एक रविवार आड अण्णा मंगळवेढ्याला आत्याकडं जात. आत्या त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. त्यांची आई लवकर गेली, तेव्हापासून आत्यानंच त्यांना वाढवलं. लग्न होऊन मंगळवेढ्याला गेली तेव्हा भावालाही सोबत घेऊन गेली आणि तिथल्याच शाळेत घातलं. "मी सासरला येताना भांडी न्हाय आणली, भाऊ आणला," असं ती येईल त्याला सांगायची. जाडजूड, मोठ्या आवाजाची बाई. सगळ्या गावाशी भांडायची, पण अण्णा समोर आले की तिचा आवाज अर्ध्यावर यायचा.

अण्णा पोचले की आत्या आधी गाडीत बसायची. पाणी नाही, चहा नाही. पुढच्या सीटवर बसून शिवारातून एक चक्कर मारून यायची. ज्वारी किती वर आली, कुणी हरभरा टाकला, कुणाची विहीर आटली, हे सगळं ती काचेतून बघायची. आणि मधून मधून विचारायची, "किती चाललीया?"

"चाळीस," अण्णा म्हणायचे.

"लई झाली. कमी कर."

अण्णा कमी करायचे. पुन्हा ती विचारायची. तीस म्हटल्यावर तिचं समाधान व्हायचं. हे मी मागच्या सीटवर बसून कितीदा ऐकलंय. अण्णांना काट्याकडं बघून गाडी चालवायची सवय लागली ती अशी. एकटे असले तरी ते चाळीसच्या वर जात नसत. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना हात दाखवून पुढं जा म्हणायचे.

त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला मी गाडीत गाण्यांची सिस्टीम बसवून दिली. अण्णांना न विचारता गाडी नेली आणि संध्याकाळी आणून दिली. त्यांनी बटणं दाबून बघितली, "चांगलं हाय की," म्हणाले. नंतर ती कधी लावलेली मी पाहिली नाही, आणि त्याचा मला थोडा रागही होता.

त्याच वर्षी थंडीत त्यांनी काट्याची तक्रार सुरू केली.

"काटा थरथरतोय बघ," एका रविवारी परत आल्यावर ते म्हणाले. "वीसवरनं पन्नासवर जातोय, पुन्हा मागं येतोय. किती चाललीय कळतच न्हाय. ते गाणी बसवल्यापासनं व्हतंय."

मला त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं. मी दिलेल्या वस्तूत खोट काढतायत असं वाटलं. "गाण्यांचा आणि काट्याचा काय संबंध, अण्णा?" मी म्हणाले.

"तार आवळली असंल कुटंतरी. मीटरची तार मागनंच जाती. तारंला वळसा मोठा लागतो. आवळली की ती अडती."

तारांमध्ये आयुष्य काढलेला माणूस हे सांगत होता. मी म्हणाले, बघू.

तीन-चार वेळा त्यांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा जानेवारीतल्या एका दुपारी मी स्वतः गाडी चालवून बघायची ठरवली. अण्णांना शेजारी बसवलं आणि हैदराबाद रोडला गेले. मोकळा रस्ता होता. साठवर नेली. काटा साठवर एखाद्या चित्रातल्यासारखा स्थिर.

"बघा. कुठं हलतोय?"

अण्णा डावीकडून वाकून बघत होते. "आत्ता न्हाय हलत," ते म्हणाले.

"मग?"

"सकाळी हलतो. हळू चालीवताना हलतो. गाडी गार असती तवा."

मला हसू आलं. "अण्णा, काटा काय वेळ बघून हलतो का?"

हे मी विचारलं. प्रयोगशाळेत मुलांना उपकरणाचं वाचन घेताना परिस्थिती बदलू नका, तापमान लिहा, तीनदा घ्या, असं वीस वर्षं सांगणारी मी. मी एकच वाचन घेतलं, तेही भर उन्हात, साठच्या वेगाला, आणि निकाल लावून मोकळी झाले. घरी आल्यावर काच पुसायचं फडकं घडी करून अण्णांनी जागेवर ठेवलं आणि आत गेले.

त्या सुमारास त्यांच्या हाताला थोडा कंप यायला लागला होता. चहाची बशी धरली की कळायचं. फार नाही, पण माझ्या नजरेत ते भरलं होतं. भावाला मी फोनवर सांगितलं, "अण्णांना भास व्हायला लागलेत बहुतेक. काटा हलतो म्हणतात, हलत नाही. हातच हलतात त्यांचे." तो म्हणाला, "मग गाडी बंद कर ताई त्यांची. काही झालं म्हणजे?" मला असं कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

मार्चमध्ये ते झालं. सकाळी मंगळवेढ्याला निघाल्यावर लगेच. आमच्या घराजवळच्या शाळेपुढं स्पीडब्रेकर आहे, त्याच्या पुढं एक बाई लिंबं-कोथिंबिरीची हातगाडी लावते. अण्णांनी ब्रेक उशिरा दाबला आणि गाडी हातगाडीला लागली. फार जोरात नाही. पाटी कलंडली, लिंबं रस्ताभर पळाली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. अण्णांनी खाली उतरून सगळी लिंबं स्वतः वेचून दिली, असं शेजाऱ्यांनी मला सांगितलं. मी त्या बाईला भेटायला गेले. ती भली होती. म्हणाली, "कायबी झालं नाही ताई. पण आजोबांचे हात लई थरथरत होते."

कुणाचे नसते थरथरले? पण तेव्हा मला तो पुरावा वाटला.

पुढच्या एका रविवारी, सकाळी साडेसातला, ते माझ्याकडं आले. मंगळवेढ्याला जाताना माझ्याकडून आत्यासाठी शेंगाचटणी न्यायचे, तशी न्यायला. मी त्यांना बसवलं. आदल्या रात्रीच वाक्यं ठरवून ठेवली होती.

"अण्णा, आता गाडी बंद करा."

"लिंबाच्या गाडीला लागलं ते माझं चुकलं," ते म्हणाले. "काट्याकडं बघत व्हतो. ब्रेकर हाय म्हणून वीसवर आणली, पण वीस हाय का चाळीस तेच कळंना. म्हणून बघत ऱ्हायलो. ते एकदा दुरुस्त करून घेऊ, मग..."

"काटा थरथरत नाही, अण्णा. तुमचे हात थरथरतात."

ठरवलेल्या वाक्यांत हे नव्हतं. ते तसंच बाहेर पडलं. अण्णांनी आपल्या हाताकडं पाहिलं. हात मांडीवर होते आणि त्या क्षणी अजिबात हलत नव्हते. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. "बरं," म्हणाले. उठता उठता म्हणाले, "आक्काला फोन करून सांग, आज येत न्हाय म्हणून. मला काय सांगायचं ते सुचणार न्हाय."

मी फोन केला. आत्याला सांगितलं, गाडीचं काम निघालंय.

आता पुढचं वर्ष. मी अण्णांना शब्द दिला होता की महिन्यातून एकदा मी त्यांना त्यांच्याच गाडीनं मंगळवेढ्याला नेईन. तेव्हा तो खराच होता. पण एप्रिलमध्ये पेपर तपासणी आली, मे महिन्यात माझ्या सासरचं लग्न निघालं. जूनमध्ये एकदा गेलो. मग प्रवेश, मग घटक चाचण्या. "पुढच्या रविवारी नक्की," असं मी इतक्या वेळा म्हणाले की अण्णा विचारायचेच बंद झाले. ऑगस्टमध्ये मला न सांगता ते एसटीनं गेले. परत येताना गाडीला गर्दी होती, उतरताना पायरीवर गुडघा आखडला, मागं लोकांची रांग ओरडायला लागली आणि दोघांनी त्यांना काखेत धरून खाली उतरवलं. ते त्यांना फार लागलं. गुडघ्यापेक्षा ते उतरवणं लागलं. त्यानंतर एसटीचं नाव काढलं नाही.

ऑक्टोबरात मी पुन्हा एकदा नेलं. दोन्ही वेळा निघायला अकरा वाजले होते, ऊन होतं, आणि मला घाई असल्यामुळं गाडी साठ-सत्तरच्या खाली आली नाही. काटा हलला नाही. गावात मी ही गाडी क्वचितच काढायची, आणि काढली तरी रिक्षा आणि मोटारसायकली चुकवताना मीटरकडं बघतं कोण?

ऑक्टोबरातल्या त्या भेटीत आत्या गाडीत बसली नाही. म्हणाली, "तू चालीवणार व्हय? मग नको. तुमच्या गाड्या लई पळत्यात." उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून ती अण्णांशी बोलत राहिली आणि मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत राहिले. निघताना तिनं अण्णांना विचारलं, "गाडीचं काम अजून झालं न्हाय व्हय रं?" अण्णा म्हणाले, "हुईल की." माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

फेब्रुवारीत आत्या गेली. दोन दिवस छातीत कळ येत होती, तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि गुरुवारी दुपारी भाकरी खाऊन आडवी झाली ती उठलीच नाही. अण्णांची आणि तिची गाठ पडून चार महिने झाले होते. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आत्याची सून मला बाजूला घेऊन म्हणाली, "हुरडा झाला तवापासनं रोज इचारायच्या, भाऊ आला का म्हणून. शेवटी दाणं वाळवून डब्यात भरून ठेवल्यात त्यांच्यासाठी." तिनं तो डबा अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी तो उघडला नाही. परत येईपर्यंत मांडीवर धरून बसले होते.

दहाव्याला आम्हाला सकाळी लवकर पोचायचं होतं, म्हणून सहाला निघालो. चांगलीच थंडी होती. मंगळवेढ्याचा रस्ता आता मोठा झालाय, पण तेव्हा गाळपाचे दिवस होते आणि मध्येच एका बाजूचं काम चालू असल्यानं वाहतूक एकाच बाजूनं सोडली होती. बेगमपूरच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. पुढं ट्रॅक्टर, मागं दोन दोन ट्रॉल्या, पुढं जायला जागा नाही. मी त्यांच्यामागं तीस-पस्तीसनं चालले होते.

आधी आवाज आला. टक्, टक्, टक्, पातळ पत्र्यावर नखानं वाजवल्यासारखा. मी खाली पाहिलं. काटा थरथरत होता. थरथरत कसला, उड्या मारत होता. वीसवर पडायचा, पन्नासपर्यंत जायचा, परत यायचा. गाडी एकाच चालीनं चालली होती आणि काटा वेडापिसा झाला होता.

अण्णा शेजारीच होते. त्यांनाही दिसत होतं. ते समोर रस्त्याकडं बघत राहिले.

थोडी जागा मिळाली तशी मी दोन ट्रॉल्यांना ओलांडलं. पंचावन्नला काटा शांत झाला. पुढच्या ट्रॉलीमागं पुन्हा वेग कमी केला, पुन्हा सुरू. मी मुद्दाम आणखी एकदा करून पाहिलं. मी काय करतेय ते अण्णांना कळत होतं, कारण त्यांनी एकदा माझ्या पायाकडं पाहिलं. मला सगळं एका झटक्यात समजलं. कोरडी तार नळीत अडते, पीळ खाते, आणि पीळ सुटला की उसळून फिरते. थंडीत नळी ताठ झाली की जास्तच. वेग वाढला की अडायला तिला सवड मिळत नाही. घर्षणाचा धडा मी दर वर्षी शिकवते, फळ्यावर आकृती काढून.

"अण्णा," मी म्हणाले.

"पुढं बघ. ट्रॉली थांबतीया," ते म्हणाले.

दहाव्याच्या जागी मी बायकांमध्ये बसले होते. कोण रडत होतं, कोण काय सांगत होतं, मला काही कळत नव्हतं. मनात एकच हिशोब चालला होता. दर एक रविवार आड म्हणजे वर्षाला पंचवीस-सव्वीस रविवार. त्यातले मी त्यांना दोन दिले होते.

पुढच्या शनिवारी मी कॉलेजातून रजा घेतली आणि अण्णांना गाडीत घालून विजापूर वेशीकडं गेले. तिथं एक चाचा आहेत, फक्त मीटरची कामं करतात. अशी माणसं आता थोडी राहिलीत. नव्या गाड्यांत सगळं आकड्यांत दिसतं, तार नसतेच. पत्र्याच्या छपराखाली एक बाकडं, भिंतीवर खिळ्यांना लावलेली जुनी मीटरं, आणि डोळ्यांवर जाड चष्मा.

"क्या हुआ? सुई नाचती क्या?" मी काही सांगायच्या आत त्यांनी विचारलं. गाडी बघूनच ओळखलं असावं.

"व्हय. सकाळी, हळू चालीवताना," अण्णा म्हणाले.

"फिर तार सूखी हाय. दुसरं काय नाय," चाचा म्हणाले आणि खाली बसले.

त्यांनी मीटरची चौकट काढली, मागं हात घालून तारेचं टोक सोडवलं आणि काळ्या नळीतून आतली तार हळूहळू ओढून बाहेर काढली. बारीक पिळाची, हातभर लांब, गंजानं तांबूस झालेली. कुठंही ग्रीसचा टिपूस नव्हता. त्यांनी ती वर्तमानपत्रावर ठेवून तळव्याखाली लाटण्यासारखी फिरवली. एका जागी ती उडी मारत होती.

"इथं वाकलीय. कायतरी दाबतंय," चाचा म्हणाले. पुन्हा डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि बॅटरी लावून बघितलं. "ये देखो. गाण्याची सिस्टीम कुणी बसवली? त्यानं सगळ्या वायरींबरोबर मीटरची नळीबी पट्टीनं करकचून बांधलीय. काटकोनात."

मी वाकून पाहिलं. पांढरी प्लास्टिकची पट्टी होती. चाचांनी कात्रीनं तोडली, नळी उसळून मोकळी झाली.

"वळसा मोठा द्या," अण्णा म्हणाले. "मागनं, पॅडलच्या वरनं घ्या."

"बराबर. तुम्ही याच कामातले काय?"

"टेलिफोनात व्हतो."

"तर मग!" चाचा खूश झाले. दोघं मिळून नळीचा रस्ता ठरवायला लागले. कुठं गरम लागेल, कुठं पाय अडेल. चाचांनी तार रॉकेलनं पुसून घेतली, वाक सरळ केला, बोटावर थोडं ग्रीस घेऊन खालच्या बाजूला लावलं. वरची वीतभर तार कोरडीच ठेवली. जास्त लावलं तर ते चढून मीटरमध्ये जातं आणि मग मीटरच बसतं, असं त्यांनी मला समजावलं, शाळेतल्या मुलीला सांगावं तसं. अण्णा मान डोलवत होते. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर मला काहीतरी हललेलं दिसलं.

सगळं जोडता जोडता चाचांनी सहज विचारलं, "कित्ते दिन से होता था?"

"दीड वर्स हुत आलं," अण्णा म्हणाले.

"अरे! दीड साल? अर्ध्या तासाचं काम. तवाच का नाय आणली?"

मी तिथंच उभी होते. अण्णांनी बाकड्यावरचा ग्रीसचा डबा उचलून त्याचं झाकण लावलं.

"ऱ्हाऊन गेलं," ते म्हणाले.

काम झाल्यावर चाचा म्हणाले, "साहेब, तुम्हीच चालवून बघा. काटा कसा होता ते तुम्हाला ठाऊक." मी किल्ली पुढं केली. अण्णांनी ती घेतली, सीट पुढं ओढली, आरसा नीट केला, आणि चाचांना शेजारी बसवून गाडी हळूच रस्त्यावर काढली. मी छपराखाली उभी राहून वाट बघितली. दहा मिनिटांनी ते आले. चाचा काचेतूनच ओरडले, "तीसला बी चूप, चाळीसला बी चूप!" अण्णा उतरले आणि किल्ली माझ्या हातात देऊन पलीकडच्या बाजूला जाऊन बसले.

"अण्णा, तुम्हीच न्या ना घरी."

"नको. झालं ना काम. चल."

वाटेत सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मी म्हणाले, "माझं चुकलं, अण्णा." याहून चांगलं, मोठं काही बोलायचं मी ठरवलं होतं. ते जमलं नाही. अण्णा म्हणाले, "असू दे." सिग्नल सुटला. पुढचे कितीतरी दिवस मी त्या दोन शब्दांत माफी आहे की नाही ते शोधत होते.

नंतर त्यांना डॉक्टरांकडं नेलं. हाताचा कंप वयाचा आहे, डोळे उत्तम आहेत, सावकाश गाडी चालवायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी किल्ली त्यांच्या देवघराच्या फळीवर नेऊन ठेवली. ती तिथंच राहिली. मी मधून मधून विचारायची, ते "बघू" म्हणायचे. एकदा जरा जोर केला तर म्हणाले, "आता कुटं जायचंय मला?" मग मी विचारणं सोडलं.

या दिवाळीनंतर मात्र एक गोष्ट झाली. अण्णांच्या टेलिफोनच्या गँगमधले एक जुने सोबती केम गावी राहतात. ते आजारी असल्याचं कळलं. अण्णा माझ्याकडं येऊन म्हणाले, "केमला जाऊन यावं म्हणतो." शुक्रवार होता, माझ्यासमोर सहामाहीचे पेपर पडले होते. पुढच्या रविवारी जाऊ, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी पेपर बाजूला सारले आणि साडी बदलली.

सोबती घराच्या पुढच्या पडवीत कॉटवर बसले होते. वाळून गेलेले, पण डोळे मिश्कील. कान मात्र पार गेलेले. काहीही सांगायचं तर ओरडून सांगावं लागत होतं. अण्णा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होते आणि पडवीतली कोंबडी दचकून बाजूला पळत होती. ख्यालीखुशाली झाली. मग त्यांनी विचारलं, "गाडी तू चालीवत आणलीस का रं?"

"न्हाय. लेकीनं."

"आं?"

"लेकीनं!" अण्णा ओरडले. "मी सोडली!"

"का रं सोडलीस? काय झालं?"

मी समोरच्या खुर्चीवर होते. मला वाटलं, काहीतरी सांगून विषय संपवतील.

"हिनं काढून घेतली!" अण्णा ओरडले. "मीटरचा काटा थरथरत व्हता! मी सांगत व्हतो, हिला पटत नव्हतं! म्हणली, तुमचे हात थरथरत्यात!"

सोबत्यांची सून दारात येऊन उभी राहिली. अण्णांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पण आता मागं फिरता येत नव्हतं. समोरच्याला ऐकू जायचं तर तेवढाच आवाज लागत होता.

"मग?"

"मग काय! वरीसभर आक्काकडं धड जाणं झालं न्हाय! आक्का गेली! शेवटची गाठ पडली न्हाय ती न्हायच!"

सोबत्यांनी माझ्याकडं मान वळवली आणि अण्णांना म्हणाले, "लेकराला कशाला बोलतोस? काळजीपोटीच केलं आसंल की."

"काळजीपोटीच केलं!" अण्णा म्हणाले. "ते मला ठाव हाय! पण एकदा सकाळी माज्यासंगं गाडीत बसून बघितलं असतं तर!" एवढं म्हणून त्यांचा आवाज बसला. पुढचं ते साध्या आवाजात बोलले. सोबत्यांना ते ऐकू गेलं नाही, मला गेलं. "एकच सकाळ लागली असती," ते म्हणाले.

आत्या गेल्यापासून अण्णांच्या तोंडून जे ऐकायची मी वाट बघत होते ते मला मिळालं होतं आणि ते बरोबर होतं, त्यात एक शब्द इकडचा तिकडं करता आला नसता.

सुनेनं चहा आणला. मी उठून तिच्या हातातलं ताट घेतलं, आधी सोबत्यांना दिला, मग अण्णांना. अण्णांनी कप घेतला आणि शेजारची जागा हातानं झटकून मला म्हणाले, "हितं बस. लांब बसून तुला ह्यांचं बोलणं कळायचं न्हाय." मी त्यांच्याजवळ कॉटवर बसले. सोबती कुठल्याशा पावसाळ्यात पडलेल्या लाइनची गोष्ट सांगायला लागले होते, आणि त्यांना ऐकू येत नसल्यामुळं मध्ये कुणी काही बोलायची गरज नव्हती.